फेटा नको, शब्द द्या

बिराजदार सर लग्नात फेटा बांधून घेत नसत. आमच्या नांदेड-लातूरकडच्या लग्नांत मंगलाष्टकांच्या आधी सत्कार चालतात. मुहूर्त टळून जातो, वऱ्हाडी घामाने भिजतात, नवरदेव मंचावर अवघडून बसलेला असतो आणि माइकवाला एकेक नाव पुकारत राहतो. अमुक साहेब आले, तमुक चेअरमन आले. ज्याचं नाव येईल त्याला फेटा बांधायचा आणि मग त्याने वधूवरांना शुभेच्छा देतो म्हणून स्वतःबद्दल बोलायचं. सरांचं नाव आलं की सर मंचावर चढत, फेट्याचं कापड हाताने बाजूला सारत आणि म्हणत, "फेटा नको. शब्द द्या."

मग माइक हातात घेऊन सांगत, "ही नवरी आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला हाय. उन्हाळ्यात तिची परीक्षा हाय. व्याहीबुवांनी एवढंच सांगावं, पोरगी पेपरला येणार का न्हाई." आणि माइक नवरदेवाच्या बापापुढे धरत. समोर सगळे सोयरे, मंचावर पुढारी, मागे बँडवाले. अशा ठिकाणी नाही कोण म्हणेल? बिचारा म्हणायचा, "येईल की. का न्हाई येणार." सर मंडपाकडे वळून विचारत, "सगळ्यांनी ऐकलं न्हवं?" पुढची पोरं ओरडत, "हाव." सर खाली उतरून पंगतीला बसत आणि दोनदा बुंदी मागून घेत.

नायगावच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत. मूळचे उदगीरकडच्या खेड्यातले, लिंगायत, आईकडून कानडी आलेली. वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींना अक्का म्हणत. आमच्यातली सगळ्यात बारकी, जेमतेम बाकावर दिसणारी पोरगीसुद्धा अक्का. शिकवायला फार ग्रेट होते असं मी म्हणणार नाही. नकाशा काढायला घेतला की फळ्यावर भारत काढता काढता श्रीलंकेला जागा उरायची नाही. मध्येच चिडायचे, खडू फेकायचे, मग स्वतःच वाकून उचलायचे.

पण एक गोष्ट त्यांना सहन होत नसे. तुळशीचं लग्न झालं की वर्गातले मुलींचे बाक एकेक करून मोकळे व्हायला लागत. बाकीचे प्राध्यापक हजेरीत गैरहजर लिहून मोकळे होत. सर मात्र विचारत फिरायचे, कुठं दिली, कुणाच्या घरी दिली, सासरा काय करतो. म्हणायचे, "नापास झालेली पोरगी परत येती. गैरहजर राहिलेली येत न्हाई. पेपर दे, नापास हो, काही बी कर. पण हजर राहा." आम्ही मागे बसून त्यांची नक्कल करायचो. हजर राहा अक्का, हजर राहा.

पुढं पुढं लोकांनी सरांना पत्रिका देणं बंद केलं. मुलींचे बापच घाबरायचे. सोयरीक जुळताना नाकी नऊ येतात, त्यात ऐन मांडवात हा माणूस व्याह्याला कोंडीत पकडणार. सरांना त्याचं काही नव्हतं. बिनपत्रिकेचे जायचे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात कोण कुणाला विचारतं, तुम्ही का आलात म्हणून. स्टाफरूममध्ये त्यांना बिनपत्रिकेचे पाहुणे म्हणत आणि सर हसून म्हणत, "पत्रिका न्हाई तर आहेर बी न्हाई. फायदाच हाय की."

माझ्या वडिलांनीही माझ्या लग्नाची पत्रिका कॉलेजातल्या सगळ्यांना दिली आणि सरांना टाळलं. मला बोलावून म्हणाले, "त्यांना काही बोलू नको. लग्न नीट होऊ दे." मी बोलले नाही. मला काही फरक पडत नव्हता. शेवटचं सत्र राहिलं होतं आणि ते राहणारच असं मी धरून चालले होते. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींचं राहिलं होतं. आमच्या घरात पदवी म्हणजे भावांची गोष्ट होती.

तरी सर आले. माइक आमच्या गावच्या गुरुजींकडे होता आणि ते सरांचे जुने विद्यार्थी, त्यांनी माइक देऊन टाकला. वडिलांचा चेहरा उतरला. सरांनी नेहमीचं बोलून माइक माझ्या सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांना मी पुढे मामा म्हणू लागले. शेतकरी माणूस, धर्माबादच्या बाजारात मिरचीची खरेदी-विक्री करणारा. बोलणं कमी आणि शिंका जास्त. माइक त्यांनी आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आधी एक शिंक दिली, सगळा मंडप हसला, आणि मग म्हणाले, "पाठवीन. पाठवीन कशाला, मी सोता घेऊन यीन."

एवढं सरांनीही मागितलं नव्हतं. सर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग पहिल्यांदाच त्यांनी फेट्याचं कापड हातात घेतलं आणि ते मामांच्या खांद्यावर टाकलं.

मामांनी शब्द पाळला. धर्माबादजवळच्या माझ्या सासरच्या गावाहून नायगाव म्हणजे काही शेजार नाही. एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलवर मला मागे बसवून, तोंडाला उपरणं गुंडाळून ते मला पेपरला आणत. मी आत लिहीत असायची आणि मामा कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसलेले असायचे. सर तिथे चहा घेऊन जात. दोघांची चांगलीच गट्टी जमली होती. सर त्यांना मान्सून कुठून निघतो ते हातवारे करून सांगायचे. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "निघतो खरा सर, पण आमच्याकडं पोचत न्हाई." पेपर कसा गेला हे मामांनी मला एकदाही विचारलं नाही. "झाला का? बस," एवढंच म्हणत.

दोन पेपर राहिले असताना मामा गेले. मिरचीच्या बाजारात पोत्यांवर बसून बोलत होते आणि बोलता बोलता कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

मला त्या दिवसांतलं फारसं काही आठवत नाही. रडले नाही हे आठवतं. नव्या नवरीने रडायला हवं होतं. बायका माझ्याकडे बघत होत्या. लग्नाची हळद अजून फिकी झाली नव्हती, म्हणून त्यांनी माझा पायगुण काढला. पांढऱ्या पायाची म्हणाल्या. उन्हातान्हात हिच्या पेपरापायी वणवण फिरला म्हणाल्या, त्यानंच गेला. माझ्या देखत म्हणाल्या. मला त्याचंही काही वाटलं नाही. कुणीतरी भाकरी पुढं ठेवली की मी खायची, कुणी ऊठ म्हणलं की उठायची. मामांची मोटरसायकल ओसरीला लावलेली होती आणि तिच्या हँडलला उपरणं तसंच बांधलेलं होतं. मी त्याकडे बघत बसायची. आत काही हलत नव्हतं.

राख सावडून झाली त्या दिवशी सर आले. ओसरीवर भावकीतली माणसं बसली होती. मी आणि सासूबाई आतल्या दाराशी होतो. सर येऊन खाली मान घालून बसले. मामांचे चुलतभाऊ दादाराव, घरात आता त्यांचाच शब्द चालायचा, ते लगेच म्हणाले, "सर, भेटायला आलात, बरं झालं. पण पेपरचं नाव काढू नका."

सर म्हणाले, "पेपरसाठी न्हाई आलो. माझा दोस्त गेला."

आणि खरंच, त्यांनी पेपरचं नाव काढलं नाही.  सर उठायला लागले तेव्हा सासूबाईंनी आतून विचारलं, "सर, पेपर कधी हाय?"

सर थांबले. दादारावांकडे बघितलं, मग खाली बघत म्हणाले, "परवा एक. मग एक दिवस सोडून शेवटचा."

"वहिनी, काय बोलून राहिला तुम्ही," दादाराव म्हणाले. "दहाव्याच्या आत सून शिवेबाहेर जाती का? आणि नेणार कोण? बालाजीनं अग्नी दिलाय, त्याला हलता येत न्हाई. भावकी सगळी सुतकात. बाहेरचा कोण सुतकातल्या बाईला गाडीवर घेईल?"

बालाजी म्हणजे माझे मिस्टर. ते डोकं भादरलेले, पंचा नेसून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "त्यायनी माइकवर शब्द दिलाय भावजी. सगळ्या मांडवानं ऐकलाय. मेलेल्या माणसाला खोटं पाडू का मी?"

 शब्द देणारा माणूस नव्हता आणि शब्द तर तिथंच होता. पण दादारावांचंही खोटं नव्हतं. नेणार कोण हा प्रश्न होताच. तेव्हा सर म्हणाले, "मी नेतो. आमच्यात सुतक पाळत न्हाईत."

दादाराव म्हणाले, "पाळत न्हाईत?"

"न्हाई. लिंगायतात सुतकच न्हाई. माझ्या गाडीवर बसली तर माझं काही बिघडत न्हाई आणि तुमचं बी बिघडत न्हाई. वैनी, एक तांब्या पाणी द्या."

सुतकाच्या घरी कुणी पाणी पीत नाही. सासूबाईंनी तांब्या आणून दिला आणि सरांनी सगळ्यांसमोर तो उभ्या उभ्या पिऊन संपवला.  दुसऱ्याच्या धर्मात दादाराव काय बोलणार.

पेपरच्या दिवशी सर पहाटेच नायगावहून निघून आमच्या दारात आले. मी मागे बसले.  पेपरात काय आलं होतं, मी काय लिहिलं, मला आजही सांगता येणार नाही. हात चालत होता. शेजारच्या मुलीने बाक जरासा सरकवून घेतला होता, तिला कळलं होतं सुतकाचं. मी खिडकीतून बघितलं तेव्हा लिंबाखाली सर एकटेच बसले होते. सोबत चहाचे दोन कप होते. एक त्यांनी बाजूला ठेवला होता आणि त्याच्यावर माशा बसत होत्या. मला वाटलं आता तरी रडू येईल. आलं नाही. मी पुढचा प्रश्न लिहायला घेतला.

शेवटच्या पेपरलाही त्यांनीच नेलं-आणलं. घरी सोडताना म्हणाले, "झालं अक्का. आता नापास झालीस तरी काळजी न्हाई." मी नापास झाले नाही. जेमतेम पास झाले. पुढे बी.एड. केलं, मिस्टरांना लातूरला काम लागलं, मलाही एका शाळेत भूगोल शिकवायला मिळाला. सासूबाई आमच्याकडेच असतात. पायगुणाचं मग कुणी काढलं नाही. सुनेच्या पगारावर घर चालायला लागलं की लोक पाय बघायचे सोडून देतात.

सर रिटायर होऊन उदगीरकडे गावी गेले. पोरीबाळींच्या परीक्षा आल्या की त्यांचा फोन ठरलेला. "काय करून राहिलीस अक्का?" मग लगेच, "तुझ्या शाळेत कुणाचं लग्न ठरलं का?" मी म्हणायची, "सर, शाळा आहे ती, बारक्या पोरी आहेत." "मग ठीक हाय," म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे. माझी चौकशी एवढीच.

परवा कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर सरांचा फोटो आला, त्याला हार घातलेला. मी वाचलं, फोन ओट्यावर ठेवला आणि भाजीला फोडणी दिली. डबे भरले. मग सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चल." त्या कुठं जात नाहीत, गुडघे दुखतात. पण तयार होऊन माझ्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

गावाबाहेर सरांच्या शेतात खड्डा खणला होता. लिंगायतात माणसाला बसवून पुरतात. सर बसले होते, कपाळावर भस्म, हातात इष्टलिंग. वर्गात हजेरी घ्यायला बसायचे तसेच वाटत होते. आम्ही सगळ्यांबरोबर बेलाची पानं वाहिली. गर्दीत मधल्या वयाच्या बायका पुष्कळ होत्या, नांदेडकडून आलेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. कुणाच्या लग्नात सरांनी माइक धरला असेल ते त्यांनाच ठाऊक. मी सगळं बघत होते आणि मला काहीच होत नव्हतं. माझं असंच होतं. आता मला त्याची सवय झाली आहे.

माती दिल्यावर आम्ही घरी काकूंपाशी जाऊन बसलो. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. काही बोलायचं म्हणून मी म्हणाले, "काकू, तुमच्यात सुतक नसतं म्हणून माझे पेपर झाले. नाहीतर मी आज कुठे असते."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कोण सांगितलं नसतं म्हणून?"

"सरच म्हणाले होते."

"पुस्तकात न्हाई," काकू म्हणाल्या. "मठातले महाराज बी तसंच सांगतात. पण ह्या घरात हाय. त्यांच्या आईनं लई कडक पाळलं आणि त्यांनी बी पाळलं. तू धर्माबादची न्हवं? तुला सोडून आले की ते आत येत नव्हते. अंगणात उभं राहायचे, अंगावरच्या कपड्यासकट डोक्यावरून पाणी घ्यायचे. मीच बादली आणून द्यायची. मी म्हणलं, एवढं वाटतंय तर जाता कशाला? तर म्हणाले, हे पाण्यानं जातंय. तिचा पेपर गेला तर कशानं येईल?"

सासूबाई माझ्या शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात बाहेर बोलणं चाललं होतं ते आत ऐकू आलं. सरांची नात गौरी लातूरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. ती भिंतीला टेकून बसली होती, हातात बंद फोन, डोळे कोरडे. मी ते डोळे ओळखले. बाहेर तिचे वडील, म्हणजे सरांचाच मुलगा, कुणालातरी सांगत होते, "राहू दे यंदा. घरात असं झाल्यावर कशाचा पेपर. सुतकात कोण नेऊन घालील तिला? पुढच्या खेपेला दिईल."

काकू दाराकडे बघत राहिल्या.  त्या दिवशी त्यांचं कोण ऐकणार होतं. दादारावांसारखी माणसं त्यांच्याही ओसरीवर बसलेली होती.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या माणसांना म्हणाल्या, "पोरीला आम्ही नेतो. आम्ही लातूरलाच राहतो. सून सकाळी पेपरला सोडील."

सरांचा मुलगा म्हणाला, "मावशी, सुतकातली पोरगी तुमच्या घरात..."

"आमच्यात पाळत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या.

तिथे बसलेल्या प्रत्येकाला आमच्या बोलण्यावरून कळत होतं की आम्ही मराठे आहोत आणि पाळतो. काकूंना तर कळत होतंच. त्या सासूबाईंकडे बघत राहिल्या, मग गौरीला म्हणाल्या, "ऊठ गं. दप्तर घे तुझं." सरांचा मुलगा मान खाली घालून बसला. 

निघताना सासूबाईंनी पाणी मागितलं. काकूंनी तांब्या दिला. सुतकाच्या घरचं पाणी त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. दारातच, सगळ्यांना दिसेल असं उभं राहून त्यांनी तो पूर्ण प्यायला आणि पालथा घातला.

गौरी आमच्यासोबत घरी आली. तिला जेवायला वाढलं, आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलं. सासूबाई तशाच न्हाणीघरात गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. लुगड्यासकट बसून त्या डोक्यावरून एकेक तांब्या पाणी घेत होत्या. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी राहिले आणि पाण्याचा आवाज ऐकता ऐकता मला रडू आलं. मामांचं, सरांचं, सगळ्याच वर्षांचं आलं. भिंतीला धरून मी रडत होते आणि आवाज गौरीपर्यंत जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडात धरला होता.

आत पाणी थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "रडून घे. पण सकाळी तू सोता जा तिला सोडायला. आणि पेपर सुटंपर्यंत तिथंच बस."